लेफ्ट आउटला न लिहिलेली ओळ

दिन्या,

रविवारची पोरांची फायनल आपण हरलो. दोन-एक. दुसरा गोल माझ्या मीनलच्या पायांमधून गेला. तू असतास तर टचलाइनवरून ओरडला असतास, "दार उघडं टाकून कुठं चाललीस गं?" आणि मॅच संपल्यावर सगळ्यांच्या आधी तूच तिला जवळ घेतलं असतंस. या वेळी ते काम मी केलं. तुझ्याइतकं नीट जमलं नाही.

शनिवारी सकाळी तू गेलास. शाळेमागच्या त्या मैदानावर, फक्की मारता मारता. टाउनशिपची माणसं मशीननं पांढऱ्या रेघा आखून देतात, हे मी तुला सहा वर्षं सांगत होतो. तुझं आपलं एकच, "मॅचच्या आदल्या दिवशी मैदान आपलं आपण आखायचं. परक्यानं आखलेल्या मैदानावर पाय बसत नाही." कोल्हापुरात तालमीची पोरं आखायची तसंच इथं न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत. डब्याच्या बुडाला भोकं पाडायची, त्यात चुन्याची भुकटी भरायची आणि वाकून वाकून रेघ ओढत न्यायची. हॉस्पिटलमधून निघाल्यावर मी मैदानावर गेलो होतो. तुझा डबा आडवा पडला होता. रेघ डाव्या कोपऱ्याच्या पंधरा पावलं अलीकडे थांबली होती. मी मोजली.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण काय, कोणत्या क्लबात किती वर्षं. ते दुसरं कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचं आहे. तेवीस वर्षं ते मी अर्धवट ठेवलं, कारण अर्धवट राहण्यात माझा फायदा होता. हे छापून आलं तर येऊ दे. कोल्हापुरात तुझे थोरले भाऊ आप्पा वाचतील, वाचू देत.

आपल्या तालमीच्या टीमचा तू लेफ्ट आउट आणि मी गोलकी. मी गोलकी झालो कारण मला पळायचा कंटाळा होता, हे तू अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात सांगितलंस. तू अनवाणी खेळायचास. घोट्याला फडकं गुंडाळायचं आणि टचलाइनला चिकटून असं निघायचं की समोरचा बॅक नुसता वळत राहायचा. मग तू कारखान्यात लेथवर टर्नरचं काम शिकायला जर्मनीला गेलास. फुटबॉलसाठी कुणी गेलं नव्हतं, जायचं असतं हेही माहीत नव्हतं. कारखान्याच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत बूट काढून, कडाक्याच्या थंडीत, चेंडू घेऊन फिरत होतास. फोरमन आधी हसला आणि दुसऱ्या आठवड्यात शहरातल्या मोठ्या क्लबाचा एक माणूस बरोबर घेऊन आला.

पुढचं सगळं मला पत्रांतून माहीत आहे. बूट दोन नंबर मोठे होते, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेस. बर्फावरच्या पहिल्या मॅचमध्ये चार वेळा पडलास आणि लोक हसले. पाचव्या वेळी पडला नाहीस, गोल झाला, तेव्हा तेच लोक "महाराजा, महाराजा" ओरडायला लागले. पेपरात तुझं चित्र आलं, डोक्यावर हा एवढा फेटा. "मी जन्मात एकदाच फेटा बांधला, आप्पाच्या लग्नात. तोही सुटला," असं तू लिहिलं होतंस. दुसऱ्या गावच्या मैदानांवर काय काय ओरडायचे ते मात्र पत्रात नसायचं. ते तू मला इथे सांगितलंस, एकदाच, आणि सांगताना बुटाची नाडी बांधत होतास. कपडे बदलायच्या खोलीत पहिले दोन महिने तुझ्या शेजारची खुंटी रिकामी असायची, हेही तेव्हाच सांगितलंस. आपल्याकडचा माणूस त्या मैदानांवर त्याआधी उतरल्याचं निदान आम्ही तरी ऐकलं नव्हतं.

ती पत्रं तू तुझ्या आईला लिहायचास आणि वाचायचो मी. मावशीला, मी तिला मावशीच म्हणायचो, अक्षरओळख नव्हती. आप्पांना पत्र म्हटलं की वैताग यायचा. म्हणून दर रविवारी सकाळी मी तुमच्या गोठ्यात पाटावर बसायचो, मांडीवर परदेशी पत्राचं निळं एरोग्राम. मावशी चंद्री म्हशीची धार काढता काढता सांगायची आणि मी लिहायचो. तू महाराजा झाल्याचं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "लिही. महाराजाला म्हणावं, आधी घोंगडं पांघर." शब्दाला शब्द लिहायचो मी, तिच्या शिव्यासुद्धा. पत्र झालं की ती म्हणायची, "वाच आता, काय लिहिलंस." मी वाचायचो. मग हात पदराला पुसून ती खाली अंगठा उठवायची. शेवटची ओळ कायम तीच असायची, गुडघ्याला तेल लाव.

त्या हिवाळ्यात तू क्लबाच्या मुख्य टीममध्ये आलास. लिहिलं होतंस, मार्चपर्यंत बघणार आहेत, पसंत पडलो तर करार. आमच्या गल्लीत ते पत्र मी सात वेळा वाचून दाखवलं. तालमीत पेढे वाटले. आणि जानेवारीत मावशी गेली.

घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, दिनूला आत्ता कळवायचं नाही. त्याची मॅच आहे. आपल्याकडे हे नेहमीचंच. बाहेरगावी पोराची परीक्षा असते, कुणाचा इंटरव्ह्यू असतो, लेकीचे दिवस भरलेले असतात, आणि घरात माणूस गेलेलं असतं. सगळे मिळून तोंड शिवून घेतात आणि त्याला प्रेम म्हणतात. मीही म्हणालो. आणि नुसतं न कळवून भागणार नव्हतं, दर रविवारी पत्र जायलाच हवं होतं. म्हणून मी लिहीत राहिलो. तीन महिने मावशीच्या बोलीत, तिच्या शिव्या घालून. चंद्री विकून टाकली होती, आणि मी लिहिलं की चंद्री व्यायली, रेडी झाली. खाली अंगठा माझा.

मे महिन्यात तू बोटीनं मुंबईला आणि तिथून कोल्हापूरला आलास. करार झाला होता. स्टेशनवर मी एकटा. तू गाडीतून उतरलास, बॅग खाली ठेवलीस, माझ्या मागे बघितलंस आणि विचारलंस, "आई आली नाही?"

मी म्हणालो, "घरीच आहे."

फोटो घरीच होता ना. तेवढी सोय मी मनात करून ठेवली होती.

रस्ताभर तू बोलत होतास. तिच्यासाठी लोकरीची शाल आणली होतीस आणि गुडघे शेकायला रबराची पिशवी. रेडीचं नाव काय ठेवलं ते विचारलंस. मी म्हणालो, अजून ठेवलं नाही. मग आपण गल्लीत वळलो. तू घरात न जाता आधी गोठ्याकडे गेलास. गोठा झाडून लख्ख केलेला होता, शेण नाही, वैरण नाही. तू तिथंच उभा राहिलास.  घरातून आप्पांचा रडण्याचा आवाज आला, तेव्हा तुझ्या हातातली पिशवी खाली पडली.

आठ दिवस राहिलास आणि गेलास. पुढे पाच वर्षं तू त्या देशात खेळलास. डाव्या कोपऱ्यातून तू सोडलेल्या चेंडूवर किती जणांनी गोल केले, ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळायचं. मला पत्र आलं नाही. गुडघा गेला तेही दुसऱ्यांकडूनच कळलं. लग्न झालं, मोडलं, तेही तसंच. मी शिकायला इकडे आलो, नोकरी धरली, सुनंदाशी लग्न केलं, मीनल झाली. कुणी फुटबॉलचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जायचो.

आणि सहा वर्षांपूर्वी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, मी तूरडाळीची पिशवी उचलत असताना, मागून हाक आली, "ए गोलकी!" इथल्या लीगच्या एका टीमनं तुला कोच म्हणून आणलं होतं. ती लीग पुढे बंदच पडली आणि तू पुन्हा लेथवर उभा राहिलास. त्या दिवशी तू नुसता माझ्याकडे बघून हसलास. केस पिकलेले, चालताना डावा पाय जरासा ओढत होतास. मला त्या डाळ-तांदळाच्या मधोमध रडू फुटलं. तू म्हणालास, "गप की लेका, लोकं बघायलीत." मी तेव्हा समजलो की तू माफ केलंस. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

या सहा वर्षांबद्दल तुझे आभार कसे मानू? मीनल सहा वर्षांची होती. मराठीतून काही विचारलं की इंग्लिशमधून उत्तर द्यायची. तू तिला मैदानावर नेलंस आणि ती घरी येऊन "आई, भाकरी कर की," म्हणायला लागली. शनिवारी प्रॅक्टिस, नंतर आमच्याकडे जेवण, मग सोफ्यावर पाय पसरून मॅचची व्हिडिओ कॅसेट. सुनंदाच्या पुणेरी आमटीला तू दर वेळी नावं ठेवलीस आणि दर वेळी तीन वाट्या प्यायलास. आमच्या घराला तुझ्या येण्याची सवय झाली होती. काल सुनंदानं आमटी केली आणि वाटी पुढे करताना थांबली.

भांडण फक्त एकदा झालं. गेल्या ऑक्टोबरात, प्रॅक्टिसहून येताना, हायवेवर ट्रॅफिक तुंबलेलं होतं आणि पाऊस पडत होता. मीनल मागच्या सीटवर झोपली होती. वायपरकडे बघत तू एकदम म्हणालास, "मला आठ दिवस दिले असते रं त्यांनी. आमच्या कोचची आई वारली तवा तो पंधरा दिवस आला नव्हता. माणसंच हुती ती."

"आणि जागा गेली असती तर?" मी म्हणालो. "तुझ्या जागेवर दुसरा टपून बसला होता. तूच लिहिलं होतंस."

"गेली असती तर गेली असती."

"यार दिन्या, बोलायला सोपं आहे. लेथवर आयुष्य गेलं असतं तुझं."

"लेथवरच हाय की अजून," तू म्हणालास. मला हसू आलं, तुला आलं नाही. "आई गेली त्याच्या पुढच्याच रविवारी मी गोल मारला, वसंता. टेबलावर चढून नाचलो. सुतकात. मग तीन महिने प्रत्येक मॅच तिला लिहून सांगत हुतो. आज कुणाला चकवलं, कुठनं चेंडू सोडला. आणि ते सगळं तुला सांगत हुतो मी. तू वाचत हुतास."

मी वायपर जोरात केला.

"आप्पाचं सोड. तू तुझ्या हातानं एक ओळ लिहायची हुतीस."

"आप्पांनीच ठरवलं होतं," मी म्हणालो. "मी नुसता लिहिणारा."

तू मान हलवलीस. तेवढ्यात ट्रॅफिक सुटलं. घरी येईपर्यंत तू मीनलच्या गोलकिकबद्दल बोलत होतास.

आता शनिवारचं सांगतो. हॉस्पिटलमधून घरी आलो, तर टीममधल्या एका मुलाचे वडील, देशपांडे, यांचा फोन. "वसंतराव, फार वाईट झालं हो. पण आत्ता मुलांना नको सांगायला. उद्या फायनल आहे, अपसेट होतील. मॅच झाली की पिझ्झा खायला नेऊ, तिथं हळूच सांगू. तोपर्यंत फ्लू झालाय म्हणू या." मी हो म्हणालो. अगदी सहज म्हणालो, दिन्या. मीनलनं विचारलं सकाळपासून कुठे होतात, तर ऑफिसचं काम निघालं म्हणून सांगितलं. सुनंदा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. मीनल वर गेल्यावर म्हणाली, "अहो, पुन्हा तेच करणार आहात?"

मी तिला म्हणालो, तू मध्ये पडू नकोस.

रविवारी सकाळी मीनल ग्लोव्ह्ज घालून गाडीत बसली. दर रविवारी तू तिला न्यायला यायचास, म्हणून तिनं मागं वळून रस्ता पाहिला आणि विचारलं, "बाबा, व्हेअर इज दिनूकाका? मैदानावरच आहेत का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मैदानावरच आहे. खोटंही नव्हतं फारसं. शब्द अगदी ओठांवर आला आणि मला स्टेशन दिसलं, तुझी बॅग दिसली, माझ्या मागे माणूस शोधणारे तुझे डोळे दिसले. मी गाडी कडेला घेतली आणि तिला सांगितलं. दिनूकाका काल सकाळी गेले. मैदानावर रेघ आखताना.

ती रडली नाही लगेच. म्हणाली, "काल? यू न्यू यस्टरडे?"

"हो."

"यू शुड हॅव टोल्ड मी, बाबा. आय वुड हॅव कम."

एकाच दिवसाचा उशीर होता, आणि बारा वर्षांच्या पोरीनं तो धरला. तुझ्या बाबतीत तो चार महिन्यांचा होता.

मैदानावर मी सगळ्या मुलांना गोळा केलं. देशपांडे हातानं नको-नको करत होते, मी तिकडे पाहिलं नाही. सांगितलं. पोरं गवतावर बसली. काही रडली, काही नुसती आपल्या बुटांकडे बघत राहिली. समोरच्या टीमचा कोच स्वतः येऊन म्हणाला, मॅच पुढे ढकलू. तेव्हा मीनल उठली आणि म्हणाली, "नो. वी वाँट टू प्ले. पण आधी लाइन पुरी करायची." तुझा डबा मी गाडीत ठेवला होता. पोरांनी आळीपाळीनं तो धरला आणि कोपऱ्यापर्यंतची पंधरा पावलं आखली. इतकी वाकडी रेघ मी जन्मात पाहिली नाही. रेफरीनं ती चालवून घेतली.

म्हणजे कळल्यावरही खेळता येतं. रडत, चुकत, हरत, पण येतं. तुलाही आलं असतं. हे मला तेवीस वर्षांनी पोरांनी दाखवलं, आणि ते तुला सांगायला आता तू नाहीस.

आप्पांना तार केली. आधी त्यांच्या मुलाला कळवा, वय झालंय त्यांचं, असा सल्ला मिळाला. मी आप्पांच्याच नावानं केली.

आता राहिलेलं सांगतो. तुला वाटत होतं की आम्ही आईचं मरण लपवलं. तेवढंच नाही, दिन्या. ती आजारी होती पंधरा दिवस. शेवटच्या रविवारी तिला धार काढणं होत नव्हतं, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. तरी म्हणाली, "लिही." मी एरोग्राम उघडलं. ती म्हणाली, "दिनू, मला बरं नाही. मॅच राहू दे. एकदा येऊन जा."

आप्पा दारात उभे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आप्पा लिहू नको म्हणाले नाहीत.  लेखणी माझ्या हातात होती. मी लिहिलं, इथं सगळं ठीक आहे, थंडी आहे, गुडघ्याला तेल लाव.

मग ती नेहमीसारखी म्हणाली, "वाच, काय लिहिलंस." आणि मी कागदाकडे बघत तिला तिचेच शब्द वाचून दाखवले. मला बरं नाही. मॅच राहू दे. एकदा येऊन जा. तिचं समाधान झालं. तिनं हात पदराला पुसला आणि खाली अंगठा उठवला.

चार दिवस ती वाट बघत होती. पत्र पोचायला आठ दिवस लागतात हे तिला कुणी सांगितलं नाही. दारात कुणी आलं की विचारायची, दिनू आला का? मी म्हणायचो, निघालाय.

आप्पांनी ठरवलं होतं, मी नुसता लिहिणारा, असं मी गाडीत तुला म्हणालो. लिहिणारा होतो म्हणूनच ते माझ्या हातात होतं. तू पुन्हा माझ्या घरी जेवायला येणार नाहीस या भीतीनं मी सहा वर्षं गप्प बसलो. मला माफ कर, असंही म्हणवत नाही. तू कदाचित केलंही असतंस, आणि तेवढ्यावर सुटणं मला नको आहे.

तुझ्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात, सगळी निळी पत्रं सापडली, माझ्या अक्षरातली. मावशीच्या अंगठ्याची वेगळी बांधलेली होती आणि माझ्या अंगठ्याची वेगळी. तुला कधी कळलं, माहीत नाही. तिचं शेवटचं पत्र तिच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं. त्यात मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये थोडी जागा शिल्लक आहे. उद्या अग्नी देताना तुझ्याबरोबर ते ठेवायचं आहे, म्हणून आज पेन घेऊन बसलो. मावशीनं सांगितलं होतं तसं, शब्दाला शब्द, अंगठ्याच्या वर लिहिलं आहे.

दिनू, मला बरं नाही. मॅच राहू दे. एकदा येऊन जा.